जतन आणि जीर्णोद्धार

बोललेलें विरून जातें आणि लिहिलेलें राहतें, अशी आपली फार जुनी समजूत आहे. सावकाराचें खत, देवळांतील शिलालेख, घरांतील जन्मपत्रिका या सर्वांच्या मुळाशीं हीच समजूत आहे. एकदां अक्षर उमटलें कीं जतनाचें काम संपलें. पुढें तें उंदीर, वाळवी आणि ओल यांपासून राखलें म्हणजे झालें, असें आपण मानीत आलों. 'अक्षर' या शब्दाचा अर्थच मुळीं नाश न पावणारें असा आहे. आपल्या काळांतील सर्वांत मोठ्या लेखसंग्रहांनीं मात्र ही समजूत उलटी करून टाकिली आहे. महासंगणकांच्या शेजारीं माहितीचीं जीं प्रचंड कोठारें उभीं आहेत, त्यांत जें टिकवावयाचें असेल तें पुन्हां पुन्हां नव्यानें लिहावें लागतें. जुनी फीत, जुनें यंत्र, जुना प्रोग्रॅम, प्रसंगीं जुनी इमारतहि टाकून द्यावी लागते. न बदलणें हाच तेथें नाशाचा मार्ग आहे. वरवर केवळ यांत्रिक दिसणाऱ्या या व्यवहाराच्या पोटांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे. त्याचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. महासंगणक म्हणजे हजारों संगणक एकत्र जोडून त्यांच्याकडून एकच मोठें गणित करवून घेण्याची व्यवस्था. ढगांची हालचाल, ताऱ्यांचे स्फोट, प्रथिनांची रचना असे विषय तो हातीं घेतो आणि इतकी माहिती निर्माण करितो, कीं ती त्याच्या जवळच्या जलद डिस्कांवर फार दिवस मावत नाहीं. म्हणून कायमचा सांठा चुंबकीय फितीवर, म्हणजे आपण ज्याला टेप म्हणतों त्यावर करितात. गाण्यांच्या कॅसेटींबरोबर टेपचा जमाना संपला असें आपणांस वाटतें. पण फितीची डबी फडताळांत स्वस्थ बसली असतां तिला वीज लागत नाहीं, आणि प्रचंड संग्रहास हीच गोष्ट परवडते. इ. स. १९५२ मध्यें आयबीएम कंपनीनें आपलें पहिलें फीतयंत्र काढलें, तेव्हां एका रिळावर सुमारें २ मेगाबाइट माहिती मावत असे. त्याच कंपनीच्या २०१८ सालच्या तळहाताएवढ्या डबींत २० टेराबाइट मावूं लागली. म्हणजे सुमारें एक कोटिपट. अशा हजारों डब्यांच्या रांगांमधून एक यांत्रिक हात फिरत असतो. मागितलेली डबी तो उचलतो, वाचनयंत्रांत घालतो आणि काम होतांच परत जागेवर ठेवितो. मागणाऱ्यास आपली फाइल डिस्कवर होती कीं फितीवर, याचा पत्ताहि लागत नाहीं. हा सारा कारभार पाहण्यासाठीं आयबीएम आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनीं १९९२ मध्यें एकत्र येऊन 'हाय परफॉर्मन्स स्टोरेज सिस्टिम' नांवाची व्यवस्था रचण्यास आरंभ केला. जगांतील अनेक महासंगणक-केंद्रांत ती वापरांत आली.

या केंद्रांपैकीं एकाचें उदाहरण घेतों. कॅलिफोर्नियांत बर्कली येथें 'नर्स्क' या संक्षिप्त नांवानें ओळखलें जाणारें केंद्र आहे. १९७४ मध्यें तें लिव्हरमोर येथें अणुसंमीलनाच्या संशोधनासाठीं निघालें, आणि १९९६ मध्यें बर्कलीच्या प्रयोगशाळेकडे आलें. त्याच्या संग्रहांत १९७० नंतरच्या दशकापासूनची माहिती आहे, आणि आज तो संग्रह शंभराहून अधिक पेटाबाइटांचा आहे. एक पेटाबाइट म्हणजे हजार टेराबाइट. आतां लक्षांत घ्यावयाची गोष्ट ही, कीं १९७५ साली एखाद्या शास्त्रज्ञानें तेथें ठेविलेली फाइल आज कोणी मागितली, तर जी मिळेल तिच्यांत त्या वेळची एकहि जड वस्तु शिल्लक नसेल. रिळें गेलीं, डब्या आल्या, डब्यांच्याहि पिढ्या बदलल्या, वाचनयंत्रें बदललीं, कारभार पाहणारा प्रोग्रॅम बदलला, जागाहि बदलली. २०१५ मध्यें केंद्राचे महासंगणक ओकलंड शहरांतून बर्कलीच्या टेकडीवरील नव्या इमारतींत गेले. ही इमारत बाहेरच्या गार हवेनें थंड ठेविली जाते. विजेच्या दृष्टीनें ही मोठीच बचत. परंतु दमटपणाचा चढउतार फितीला सोसत नाहीं. म्हणून फितींच्या नव्या फडताळांस स्वतःचें बंदिस्त, सम हवामान द्यावें लागलें. त्याच सुमारास जुन्या फितींच्या यंत्रांची जातहि तिच्या उत्पादकानें पुढें वाढविणें सोडून दिलें. तेव्हां केवळ डब्या गाडींत घालून टेकडीवर नेणें पुरेसें नव्हतें. जुनी प्रत्येक फीत वाचून तिच्यावरील मजकूर नव्या जातीच्या फितीवर उतरणें प्राप्त झालें.

या उद्योगाचें मर्म गृहस्थांस समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं. ज्यांच्या घरीं तीस वर्षांपूर्वींच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट कपाटांत जपून ठेविलेली आहे, त्यांनीं ती पाहण्याचें यंत्र शोधून पाहावें. कॅसेट सुस्थितींत आहे. तिला वाळवी लागलेली नाहीं. पण ती मुकी झाली आहे. महासंगणकांच्या फितींचेंहि तसेंच. 'एलटीओ' या प्रचलित जातीचें २०१७ सालचें आठव्या पिढीचें यंत्र सातव्या पिढीची फीत वाचतें, सहाव्या पिढीची वाचीत नाहीं. फीत तीस वर्षें टिकेल असें उत्पादक सांगतो. पण तिची भाषा जाणणारें यंत्र तितकीं वर्षें कोण टिकविणार? म्हणून नाश होतो तो बहुधा वस्तु झिजल्यामुळें नव्हे, तर वाचणारा नाहींसा झाल्यामुळें. एखादी लिपि मरते तशीच ही गोष्ट आहे. फरक इतकाच, कीं मोडीला विस्मरणांत जाण्यास कांहीं पिढ्या लागल्या आणि फितीला एक तप पुरतें.

येथें तत्त्वज्ञानाचा पहिला प्रश्न उभा राहतो. सारेंच बदललें तर जतन काय झालें? ग्रीक लोकांनीं हा प्रश्न एका जहाजाच्या निमित्तानें विचारला. त्याची एक एक फळी बदलतां बदलतां जुनी एकहि उरली नाहीं, तर जहाज तेंच कीं दुसरें? आपल्याकडे याचें उत्तर वादांत न देतां आचारांत दिलेलें आढळतें. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ति लांकडाच्या आहेत, आणि कांहीं वर्षांच्या अंतरानें त्या नव्या घडवून जुन्यांस पुरतात. यास नवकलेवर म्हणतात. अलीकडचें नवकलेवर २०१५ मध्यें झालें. जुन्या मूर्तींतील ब्रह्मपदार्थ काढून नवींत ठेवावयाचा असतो. तें काम करणारा सेवक डोळ्यांस पट्टी बांधून आणि हातांस वस्त्र गुंडाळून करितो, अशी परंपरा आहे. आपण काय हलवितों हें त्याला दिसूं द्यावयाचें नाहीं. फितींचा रक्षकहि असाच डोळ्यांस पट्टी बांधलेला सेवक आहे. कोट्यवधि फाइली त्याच्या हातांखालून जातात. त्या त्याच्या नसतात, त्यांतील मजकूर पाहण्याचा त्यास अधिकार नसतो, आणि पाहिला तरी समजणार नाहीं. देह बदलावयाचा, देही तोच राहिला पाहिजे, एवढेंच त्याचें काम.

पण देही तोच राहिला हें ठरवावयाचें कसें? श्रद्धेच्या क्षेत्रांत हा प्रश्न विचारीत नाहींत. विद्येच्या क्षेत्रांत तो विचारलाच पाहिजे. आणि आपल्याच वैदिकांनीं तो फार काटेकोरपणें विचारलेला आहे. संहिता तोंडपाठ करणें त्यांना पुरेसें वाटलें नाहीं. तिचे शब्द सुटे करून पदपाठ केला, जोडीजोडीनें क्रमपाठ केला, आणि शब्द उलटसुलट फिरवून जटा व घन असे पाठ रचले. या उलटसुलट म्हणण्यानें अर्थांत कांहींच भर पडत नाहीं. त्याचा उपयोग एवढाच, कीं एखादा स्वर चुकला किंवा शब्द गळला तर एका पाठांत नाहीं तरी दुसऱ्यांत तो उघडा पडतो. संगणकशास्त्र्यांनीं हेंच काम आंकड्यांनीं केलें. प्रत्येक फाइलींतील सर्व अक्षरांवर एक ठराविक गणित करून पडताळ्याचा अंक काढावयाचा. नवी प्रत उतरल्यावर तिच्यावर तेंच गणित पुन्हां करावयाचें. अंक जुळला तर प्रत खरी. न जुळला तर कोठें तरी एक कण चळला आहे. तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें देतां येईल: संग्रहाचें एकत्व त्याच्या जड देहांत नाहीं, तर पडताळ्याच्या अखंड साखळींत आहे. प्रत्येक पिढीनें मागल्या पिढीची प्रत तपासून स्वीकारली असेल तर संग्रह तोच आहे. एका पिढीनें न तपासतां स्वीकारली असेल, तर पुढच्या साऱ्या पिढ्या कितीहि दक्ष असल्या तरी त्या चुकीचेंच निष्ठेनें जतन करीत राहतील.

यापुढें खरा नीतीचा प्रश्न येतो. नवी प्रत तयार झाली आहे, जुनी अजून टाकिलेली नाहीं, असा एक मधला काळ प्रत्येक जीर्णोद्धारांत असतो. जुनी फीत ही अखेरची साक्षीदार. ती नष्ट केली कीं नवीविरुद्ध साक्ष देणारें जगांत कोणी उरत नाहीं. आणि नेमक्या याच काळांत व्यवहाराचा सारा दाब उलट दिशेनें असतो. जुन्या यंत्रांचा देखभालीचा करार संपत आलेला असतो, जुन्या जागेचें भाडें चालू असतें, वरिष्ठांस काम पुरें झाल्याचें जाहीर करावयाचें असतें. हजार फितींपैकीं शंभर तपासल्या, शंभरहि बरोबर निघाल्या. बाकीच्या नऊशें तपासावयास आणखी कांहीं महिने पाहिजेत. त्या न तपासतां मोडीत काढल्या तर आज कोणास कळणार? कोणासहि नाहीं. त्यांतील पुष्कळ फाइलींचे धनी केंद्र सोडून गेलेले असतात, कांहीं निवर्तलेले असतात. चूक झालीच असेल तर ती वीस किंवा तीस वर्षांनीं एखाद्या तरुण अभ्यासकास सांपडेल, आणि तोंवर चूक करणारा सेवानिवृत्त होऊन सत्कार घेऊन बसला असेल. ज्याला शिक्षा नाहीं, साक्षीदार नाहीं आणि फिर्यादीहि नाहीं, असा हा अपराध आहे. माणसाची नीति कसोटीस लागते ती अशाच ठिकाणीं.

हें भय काल्पनिक नाहीं. डिसेंबर २०२१ मध्यें जपानांतील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकाच्या सांठ्यांतून सुमारें ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे जवळजवळ ३ कोटि ४० लाख फाइली, पुसल्या गेल्या. घातपात नव्हता, आग नव्हती, यंत्रहि बिघडलें नव्हतें. राखीव प्रती करणाऱ्या व्यवस्थेंत जुन्या नोंदी झाडून टाकणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. तो अधिक सुवाच्य करावा अशा चांगल्या हेतूनें त्यांत बदल केला गेला, आणि जुना प्रोग्रॅम चालू असतांनाच त्याच्या जागीं नवा ठेविला गेला. अर्धा जुना आणि अर्धा नवा असा तो चालला, आणि टाकाऊ नोंदींच्या ऐवजीं संशोधकांच्या फाइली झाडूं लागला. चौदा गटांस झळ पोंचली. त्यांतील चार गटांची माहिती परत आणतां आली नाहीं. राखणाऱ्या हातानेंच पुसलें, हें या घटनेंतील विदारक सत्य होय. पुरवठा करणाऱ्या कंपनीनें कारण प्रसिद्ध करून संपूर्ण जबाबदारी आपली असल्याचें सांगितलें, ही गोष्ट तिच्या बाजूनें नमूद केली पाहिजे. परंतु क्योतोची चूक दोन दिवसांत उघडकीस आली, कारण फाइलींचे धनी तेथें हजर होते. धनी हजर नसलेल्या संग्रहांत तीच चूक किती वर्षें झांकलेली राहिली असती, याचा विचार वाचकांनींच करावा.

कोणी म्हणेल, कीं धनीच हजर नाहीं तर कर्तव्य कोणाप्रत? कर्तव्य म्हणजे कोणाचा तरी हक्क. हक्कदार नसेल तर कर्तव्यहि नाहीं. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं; इंग्रजी नीतिशास्त्राच्या ग्रंथांत त्याचा गंभीरपणें ऊहापोह झालेला आहे. माझें उत्तर असें, कीं माहितीचा खरा हक्कदार बहुधा ती ठेविली जाते त्या वेळीं जन्मलेलाच नसतो. छपन्नाच्या दुष्काळानंतर, १९०४ पासून १९२४ पर्यंत, गिल्बर्ट वॉकर हे हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. पावसानें दगा कां दिला याचा माग काढण्यासाठीं त्यांनीं देशोदेशींच्या वायुभारमापकांच्या आणि पर्जन्याच्या जुन्या नोंदी एकत्र केल्या, आणि त्यांतून पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुभाराचा तो प्रचंड हेलकावा जगास दाखविला, ज्याच्याशीं आपल्या मान्सूनचें नातें आज शाळकरी मुलेंहि ऐकून असतात. ज्या कारकुनांनीं वर्षानुवर्षें सकाळीं उठून पारा पाहिला आणि वहींत आंकडा मांडला, त्यांना याची कल्पनाहि नव्हती. त्यांचा उद्देश त्या दिवसापुरता होता. आज यूरोपच्या मध्यावधि हवामान केंद्रानें तशाच जुन्या नोंदी महासंगणकांत घालून १९४० पासून पुढें प्रत्येक तासाचें जगाचें हवामान पुन्हां मांडलें आहे. त्या केंद्रासहि आपलें गणनस्थान इंग्लंडांतील रेडिंगहून इटलींतील बोलोन्या येथें न्यावें लागलें. तंबाखूच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेवर २०२२ मध्यें तें कामास लागलें. हवामान खात्याचें मुख्य ठाणें १९२८ मध्यें सिमल्याहून जेथें आलें, त्या पुण्यांत उष्णदेशीय हवामान संस्थेचा 'अर्क' हा महासंगणक २०२४ मध्यें सुरू झाला. त्याच्या सांठ्यांतील फाइलींसहि उद्यां हाच प्रवास करावा लागेल, आणि त्या वेळीं तेथील रक्षकांपुढें हाच प्रश्न येईल.

आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मास येतो असें सांगितलें, आणि त्यांत ऋषिऋण गणलें. या ऋणाचा विशेष असा, कीं तें ज्याचें घेतलें त्याला परत करावयाचें नसतें, करतांहि येत नाहीं. तें शिकून आणि पुढच्यास शिकवून फेडावयाचें असतें. हक्कदार समोर नसला तर कर्तव्य नाहीं म्हणणाऱ्यास याहून चांगलें उत्तर मला ठाऊक नाहीं. रक्षक आपल्या पूर्वीच्या रक्षकांचा ऋणको आहे. धनको मेलेला आहे आणि वारस अजून जन्मावयाचा आहे. तरी ऋण खरें आहे.

याच्या उलट बाजूसहि पुष्कळ बोलण्यासारखें आहे. सर्व कांहीं ठेवावयाचें असें म्हटलें तर पृथ्वीवर फडताळांखेरीज कांहीं उरणार नाहीं. विस्मरण हा मनाचा दोषच नव्हे, तो गुणहि आहे. ज्याला कांहींच विसरतां येत नाहीं त्याला विचारहि करतां येणार नाहीं. शिवाय या कोठारांस पैसा लागतो, वीज लागते, आणि तो पैसा दुसऱ्या एखाद्या चांगल्या कामांतून वळवावा लागतो. हें सारें मान्य आहे. परंतु टाकून देणें आणि हरवणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महासंगणकांच्या केंद्रांत तात्पुरता सांठा म्हणून एक भाग असतो. तेथें कांहीं आठवडे ज्या फाइलीस कोणी हात लावला नाहीं ती काढून टाकण्यांत येते, आणि हें प्रत्येकास आधींच सांगितलेलें असतें. तेथील नाशांत अनीति नाहीं, कारण तेथें वचन नाहीं. कायमच्या संग्रहाची गोष्ट निराळी. 'येथें ठेवा, आम्ही राखूं' असें ज्यानें म्हटलें, त्यानें वचन दिलें. तें झेपत नसेल तर उघडपणें मागें घ्यावें, धन्यास कळवावें, निवड करावी, तिचीं कारणें लिहून ठेवावीं. पण वचन कायम ठेवून पडताळा मात्र सोडून देणें, ही शुद्ध फसवणूक होय.

चंद्राच्या संशोधनाच्या इतिहासांत या दोन्ही वृत्तींचीं उदाहरणें शेजारीं शेजारीं आढळतात. १९६९ सालच्या चंद्रावरील पहिल्या अवतरणाचें मूळ प्रक्षेपण ज्या फितींवर होतें, त्या पुढें फितींच्या टंचाईंत पुसून पुन्हां वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष 'नासा'च्या चौकशींतून २००९ मध्यें निघाला. उलट, १९६६ आणि १९६७ मध्यें चंद्राभोंवतीं फिरून पांच यानांनीं घेतलेल्या छायाचित्रांच्या मूळ फिती नॅन्सी इव्हान्स नांवाच्या अभिलेखपाल बाईंमुळें वांचल्या. त्या टाकून द्याव्यात असें ठरण्याच्या बेतांत असतां तें त्यांच्या मनास पटेना. फिती वाचणारीं अवजड यंत्रेंहि त्यांनीं मिळविलीं आणि वर्षानुवर्षें स्वतःच्या घरच्या गॅरेजमध्यें सांभाळलीं. २००८ मध्यें त्यांतील एक यंत्र दुरुस्त करून पहिलें चित्र परत मिळविण्यांत आलें. चंद्राच्या क्षितिजावर पृथ्वी दिसते तें हें चित्र. मूळच्या काळीं छापलें गेलें त्याहून तें कितीतरी स्पष्ट निघालें, कारण फितींत जें होतें तें सारें उतरवून घेण्याची शक्ति १९६६ सालच्या यंत्रांस नव्हती. जें नंतरच्या लोकांस दिसूं शकलें तें आधींच्यांस दिसत नव्हतें, आणि तरीहि तें त्यांनींच राखलें. संग्रहाच्या धर्माचें सारें सार या एका वाक्यांत आहे असें मला वाटतें.

आतां एका गोष्टीचा उल्लेख करून हें विवेचन पुरें करितों. महासंगणकांस थोर पुरुषांचीं नांवें देण्याचा प्रघात आहे. बर्कलीच्या केंद्रांत २०२१ मध्यें आलेल्या महासंगणकास विश्वाच्या वाढत्या प्रसरणाचा शोध लावणाऱ्यांपैकीं एक, २०११ सालचे नोबेल पारितोषिक विजेते सॉल पर्लमटर यांचें नांव आहे. तें योग्यच आहे. परंतु फितींच्या फडताळास कोणाचें नांव सहसा देत नाहींत, आणि एका जातीच्या फितीवरून दुसऱ्या जातीच्या फितीवर कोट्यवधि फाइली बिनचूक उतरल्याबद्दल पारितोषिकहि निघालेलें ऐकिवांत नाहीं. या कामाचें यश असें आहे, कीं तें उत्तम झालें तर झालें हेंच कोणास कळत नाहीं. मागणाऱ्यानें फाइल मागितली आणि ती मिळाली, एवढेंच. जुन्या पोथ्यांचे लेखनिक अखेरीस दोन ओळी आपल्या जोडून, जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष माझा मानूं नये, अशी विनवणी करीत असत. नव्या लेखनिकास तेवढीहि जागा नाहीं. आणि खरें म्हणजे ती विनवणी करण्याचा अधिकारहि त्यास उरलेला नाहीं. जुन्या लेखनिकाजवळ पडताळ्याचें असें साधन नव्हतें, याच्याजवळ आहे. साधन हातीं असतां तें न वापरणें हा दोष त्याचाच मानावा लागेल.

नवें उभारणाऱ्यांचें कौतुक करण्यास समाज नेहमींच तयार असतो. जुनें नव्या देहांत निर्दोष उतरेपर्यंत जुन्याला हात न लावणारा, आणि ज्याला आपण कधींच भेटणार नाहीं अशा वाचकासाठीं शेवटची फीत तपासून पाहणारा माणूस मात्र विरळा. ज्या समाजांत अशीं माणसें आहेत त्यास आपल्या स्मृतीची फारशी काळजी करावी लागणार नाहीं. आणि ज्यांत तीं नाहींत, त्याचीं कोठारें कितीहि मोठीं असोत, तीं आंतून रितीं होत आहेत असें समजावें.